बिनकागदी मुलीचं चित्रपुस्तक: बत्तीस पानांची जुळणी

देशहीन मुलाची गोष्ट चित्रांत सांगायला घेतली की हात आपोआप चार गोष्टींकडे वळतो: कोपरे झिजलेली सुटकेस, काटेरी तार, झेंडा आणि पाठमोऱ्या माणसांची रांग. या चारही सध्या बाजूला ठेवा. त्या प्रवासाच्या खुणा आहेत आणि प्रवास कुणीही करतं. कुठल्याच देशाचं नसणं म्हणजे एक गोष्ट नसणं, आणि नसलेली गोष्ट काढता येत नाही. तिच्यापायी अडलेलं काम मात्र काढता येतं: अर्जातला कोरा रकाना, वर्ग सहलीला गेल्यावर बाकावर एकटंच उरलेलं दप्तर, खिडकीतून परत सरकवलेला कागद. खाली दिलेलं सगळं पाच ते नऊ वर्षांच्या वाचकांसाठीच्या, बत्तीस पानी पुस्तकाला धरून आहे.

आधी कायदा समजून घ्या

१९५४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातली व्याख्या एका ओळीची आहे: कुठलाही देश आपल्या कायद्यानुसार ज्याला आपला नागरिक मानत नाही, तो देशहीन. यात पळून येणं, छळ, सीमा ओलांडणं असं काहीच नाही. निर्वासिताची व्याख्या वेगळी, ती १९५१ च्या करारात आहे. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण जन्मल्या घरातून कधी न हललेली कितीतरी माणसंही देशहीन असतात. हा फरक ध्यानात नसेल तर पहिल्याच पानावर होडी येते आणि गोष्ट तिथेच भरकटते.

देश कसा गेला, किंवा मिळालाच का नाही, याची कारणं मोजकी आहेत. प्रत्येक कारण वेगळं चित्र मागतं.

सरकारने नागरिकत्व काढून घेतलं असेल तर त्या दिवशी घरात काहीही बदललेलं नसतं. सोव्हिएत सरकारने डिसेंबर १९२१ च्या फर्मानाने देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचं नागरिकत्व रद्द केलं. नाझी जर्मनीने २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने परदेशात राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं. कपाटात पासपोर्ट तोच, फक्त आता तो रद्दी. इथे एकच खोली दोनदा काढा, हुबेहूब तशीच, आणि दुसऱ्या चित्रात त्या पासपोर्टचा रंग तेवढा उडवा.

देशच मोडला असेल, जसा १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला, तर घर जागेवर ठेवा आणि सीमेची रेघ हलवा. एस्टोनियात त्यानंतर अनेकांच्या हातात करड्या रंगाचा परकीयांसाठीचा पासपोर्ट आला. माणसं तिथेच, शेजारी तेच, पासपोर्टचा रंग तेवढा वेगळा.

कायद्यांच्या फटीत पडलेलं मूल ही तिसरी तऱ्हा. जन्म झाला त्या देशात नागरिकत्व आईबापांवरून ठरतं, आईबापांच्या देशात ते जन्मस्थळावरून ठरतं, आणि मूल दोन्हीकडून सुटतं. आजही दोन डझनांच्या आसपास देशांत आईला वडिलांच्या बरोबरीने आपलं नागरिकत्व मुलाला देता येत नाही. वडील बेपत्ता असले की अर्ज तिथेच थांबतो. या तऱ्हेला शेजारी शेजारी ठेवलेली दोन टेबलं पुरतात. दोन्हींवर शिक्के आहेत, दोन्हींमागची माणसं एकमेकांकडे बोट दाखवताहेत.

चौथी, कायद्याने एखादा समाजच यादीबाहेर ठेवणं; म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांचं हेच केलं. पाचवी, जन्माची नोंदच नसणं.

यातलं एकच कारण निवडा. पाचशे शब्दांच्या पुस्तकात दोन कारणं मावत नाहीत; लहान वाचक दुसऱ्याच्या मागे लागला की पहिलं विसरतो.

कागद काढायचे तर नीट काढा

अशा पुस्तकात कागदपत्रं हीच पात्रं असतात. १९२२ पासून राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने देशहीन निर्वासितांना दिला जाणारा नान्सेन पासपोर्ट आधी रशियन आणि १९२४ पासून आर्मेनियन निर्वासितांना मिळाला. त्यावर चिकटवायच्या तिकिटावर राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांचं चित्र आणि पाच सुवर्ण फ्रँकची किंमत होती. त्या काळातली गोष्ट असेल तर असं तिकीट पानाच्या कोपऱ्यात मोठं करून काढा. त्याखाली काही लिहायची गरज नाही, तिकिटातला तो मिशाळ चेहरा मुलांना पुरेसा कुतूहलाचा असतो.

आजची गोष्ट असेल तर प्रवासाच्या कागदाचं माप १२५ × ८८ मिलिमीटर. आतल्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी, प्रत्येकीत ४४ अक्षरं, ओसीआर-बी या टाइपात. या दुसऱ्या ओळीत देशाच्या तीन अक्षरी खुणेची एक जागा असते. देशहीन माणसाच्या कागदावर तिथे कुठल्याही देशाचं नाव नसतं; एक्स-एक्स-ए असतं. निर्वासिताला एक्स-एक्स-बी. एवढी तीन अक्षरं एका जोडपानावर (उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन पानांवर) आडवी पसरवली तर त्या पानावर दुसरं चित्र लागत नाही.

खऱ्या कागदावरचा क्रमांक, शिक्क्यातलं खरं नाव किंवा खऱ्या अधिकाऱ्याची सही कधीही उतरवू नका. कागद मूळ मापात आणि मूळ रंगात हुबेहूब छापणंही टाळा. अधिकृत कागदपत्रांच्या नकलेवर बऱ्याच देशांत बंधनं आहेत. दीडपट मोठा करा किंवा अर्धा अंगठ्याखाली झाका. चित्रात अंगठा आला की कागद कुणाच्या तरी हातात आहे हेही आपोआप दिसतं.

ज्याची गोष्ट आहे त्याच्याशी बोलताना

एक मोठी चूक इथे होते, आणि ती चांगल्या हेतूने होते. चित्रकाराला बारीकसारीक तपशील हवे असतात: घराला पायऱ्या किती, दार कुठल्या दिशेला, विहीर किती लांब. नेमके हेच प्रश्न सरकारी तपासणीत विचारले जातात. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर चिनी स्थलांतरितांना हेच विचारलं जायचं: पायऱ्या किती, खिडक्या किती, तांदळाचा डबा कुठे. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जुन्या नोंदी जळाल्या होत्या, आणि दुसऱ्याच्या नावाच्या कागदांवर आलेल्या ‘कागदी मुलां’ना ही उत्तरं पाठ करून यावं लागे. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी होऊ शके.

अशा अनुभवातून गेलेल्या माणसाला तुमची वही म्हणजे पुन्हा तीच खोली वाटते. म्हणून पेन्सिल त्यांच्या हातात द्या. एक मोठा कागद मधे ठेवा आणि घराचा नकाशा काढायला सांगा. विचारायचंच असेल तर हातांबद्दल विचारा: खिशात काय होतं, कागद कशात गुंडाळलेले असायचे, रात्री कोण कुणाशेजारी झोपायचं. तासाभरापेक्षा जास्त बसू नका.

संमती तीनदा घ्या: बोलण्याआधी, कच्ची डमी (पुस्तकाचा हाताने केलेला नमुना) दाखवून, आणि छपाईला जाण्याआधी. आश्रयाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज अजून चालू असेल तर मार्ग, तारखा आणि ओळखू येणारे चेहरे पुस्तकात आणू नका. पुस्तकातल्या आणि अर्जातल्या तपशिलात तफावत निघाली तर तिचा त्रास त्या माणसाला होतो, चित्रकाराला नाही. त्यांच्या वकिलाला डमी दाखवणं शहाणपणाचं.

एक वस्तू, शेवटपर्यंत

चित्रपुस्तकांचे लेखक-चित्रकार उरी शुलेवित्झ यांचा जन्म १९३५ मध्ये वॉर्सॉत झाला. युद्ध सुरू झाल्यावर कुटुंब पूर्वेकडे पळालं, युद्धाची वर्षं सोव्हिएत मध्य आशियात गेली, मग पॅरिस, इस्रायल, आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्क. या सगळ्यातून २००८ च्या चित्रपुस्तकासाठी त्यांनी उचलला तो एकच प्रसंग: बाजारात पाव आणायला गेलेले वडील पावाऐवजी नकाशा घेऊन परत येतात. उपाशी मुलाचा राग, मग भिंतीवर टांगलेला नकाशा, मग त्या नकाशातले रंग. इतके देश आणि एक महायुद्ध त्या एका कागदामागे उभं राहतं.

तुमच्या गोष्टीतली वस्तू निवडताना तीन कसोट्या लावा. ती मुलाच्या हातात मावते का किंवा त्याच्या उंचीवर टांगता येते का? ती प्रत्येक ठिकाणी वेगळी वापरली जाते का, म्हणजे आधी कागदांची पिशवी, मग उशी, मग पावसात डोक्यावर? आणि ती झिजते का? झीज हेच तुमचं घड्याळ. कुठल्या पानावर कुठला बंद तुटतो आणि कुठे ठिगळ लागतं याचा तक्ता आधीच करून भिंतीवर लावा. नाहीतर बाराव्या पानावर फाटलेली पिशवी विसाव्या पानावर धड दिसते, आणि हे सगळ्यात आधी सहा वर्षांच्या वाचकाला कळतं.

फर्मे आणि सीमेची रेघ

एका मोठ्या कागदावर छापून, घडी घालून होणारा पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा; बत्तीस पानं म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे. पान १ उजवीकडे येतं, पान ३२ डावीकडे. पहिली तीन पानं शीर्षक, श्रेय आणि अर्पणाला गेली की ४-५ पासून ३०-३१ पर्यंत चौदा जोडपानं मिळतात आणि शेवटी एक सुटं पान. पुठ्ठ्याला चिकटणारं अस्तर त्याच बत्तीस पानांतून काढायचं असेल तर शीर्षक वगैरे धरून गोष्टीला बाराच्या आसपास जोडपानं उरतात. हे छापणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा, चित्रं रंगवून झाल्यावर नाही.

आता या विषयाला फार उपयोगी पडणारी एक गोष्ट. शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक फर्म्याच्या मधोमध एकच जोडपान असं असतं जिथे डावं-उजवं पान एकाच सलग कागदावर छापलेलं असतं: पहिल्या फर्म्यात ८-९, दुसऱ्यात २४-२५. इथे चित्र शिवणीवरून न तुटता जातं. बाकी सगळीकडे दोन बाजू वेगवेगळ्या ठिकाणी छापून, घडी घालून शेजारी आणलेल्या असतात, आणि एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. सगळ्यात वाईट जागा १६-१७, कारण तिथे एक फर्मा संपतो आणि दुसरा सुरू होतो.

म्हणून अखंड हवं ते ८-९ आणि २४-२५ वर ठेवा: नदी, आगगाडी, झोपलेलं कुटुंब. आणि सीमा १६-१७ वर. रेघ काढूच नका, शिवणीलाच सीमा होऊ द्या. मुलीचा एक हात डाव्या पानावर, पिशवी उजव्या पानावर. छपाईत जी थोडी फट पडेल ती तिथे चूक दिसत नाही. पुस्तक पिनांनी मधोमध टाचलेलं असेल तर सगळं उलटं होतं. मग १६-१७ हेच सलग पान असतं आणि सीमेला दुसरी जागा शोधावी लागते.

मापं थोडक्यात: प्रवासावर भर असेल तर आडवा आकार, खिडक्या-काउंटर-जिने यांवर भर असेल तर उभा. कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंगवा. मजकूर कडेपासून निदान १० मिलिमीटर आत, शिवणीपासून १५. चेहरा शिवणीवर कधीच नको. अंतिम मापाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). पेन्सिलीचं काम ६०० वर स्कॅन करून मग उतरवा.

वाट पाहणं कसं काढायचं

देशहीनतेत घडतं कमी, थांबावं लागतं जास्त. लिखाणात ‘चार वर्षं गेली’ म्हणता येतं. चित्रात वर्षं मोजायला मोजपट्टी लागते. ती मोजपट्टी म्हणजे काउंटर.

सरकारी कचेरीतला उभा काउंटर साधारण ११० सेंटिमीटर उंच असतो. चार वर्षांचं मूल १०० सेंटिमीटरच्या आसपास, सहा वर्षांचं ११५, आठ वर्षांचं १२७. डोळे डोक्याच्या वरच्या टोकापासून दहा-अकरा सेंटिमीटर खाली. म्हणजे चौथ्या वर्षी मुलीला फक्त लाकूड दिसतं, त्यावरचे ओरखडे, कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम. सहाव्या वर्षी डोकं काउंटरच्या वर येतं, पण डोळे अजून खालीच. टाचा उंचावल्या तर शिक्क्याची दांडी आणि अधिकाऱ्याच्या शर्टाचं बटण दिसतं. आठव्या वर्षी पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो.

ही तीन चित्रं आठ-आठ पानांच्या अंतराने ठेवा, उदाहरणार्थ १०-११, १८-१९, २६-२७. मांडणी तिन्ही वेळा तीच. काउंटरची कड पानाच्या एकाच उंचीवर येईल असा एक साचा ट्रेसिंग कागदावर करून तिन्हींना वापरा. बदलायचं ते एवढंच: उंची, कोटाच्या बाह्या (पहिल्यांदा दोन घड्या, मग एक, मग मनगट बाहेर), टोकनचा क्रमांक, खिडकीतला उजेड. आईची जागा बदलू नका, फक्त तिचे खांदे अर्ध्या सेंटिमीटरने खाली आणा. अंगकाठीचं प्रमाणही सांभाळा. चार वर्षांच्या मुलाचं शरीर सुमारे पाच डोक्यांचं, आठव्या वर्षी सहाच्या थोडं वर. तिन्ही वयांना एकच आकृती लहान-मोठी करून वापरली तर मूल वाढलेलं दिसत नाही, जवळ आलेलं दिसतं.

इथे हमखास बिघडतं ते अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर. त्याला राक्षस केलं की गोष्ट एका वाईट माणसाची होते. तो दमलेला, घड्याळाकडे पाहणारा, कदाचित बरा माणूसही असू दे. तो बरा असूनही कागद परतच येतो, आणि मुलांना तेच जास्त खुपतं.

रंग, शिक्का, लिपी

जुना देश करडा आणि नवा देश रंगीत, हा हिशेब खोटा आहे. आपण सोडलेलं अंगण कुणाच्याही आठवणीत करडं नसतं. रंग ठिकाणांना न देता सोबत आणलेल्या गोष्टींना द्या: पिशवी, शाल, डबा. बाकी पान पेन्सिलीत राहू दे. तीन-चार रंगांपेक्षा जास्त घेऊ नका आणि लाल फक्त शिक्क्यासाठी राखा.

शिक्का ब्रशने रंगवला की लगेच कळतो. रबराच्या ठोकळ्यावर कोरा, साधारण ३५ मिलिमीटर व्यासाचा, आणि स्टँपपॅडवर एकदाच दाबून रद्दी कागदावर न थांबता दहा-बारा ठसे उमटवा. पहिला ठसा चिखलासारखा भरतो, तिसरा-चौथा खरा वाटतो, आठव्यानंतर अर्ध वर्तुळच उरतं. पुस्तकभर हेच ठसे क्रमाने वापरता येतात. शिक्का चौकटीत सरळ बसवू नका. घाईत मारलेला शिक्का दहा-पंधरा अंशांनी तिरका असतो आणि त्याची एक कड जास्त गडद असते.

परक्या देशातल्या पाट्या वाचकालाही परक्या वाटाव्यात म्हणून नवी लिपी रचण्याची युक्ती चांगली आहे. चित्रकार शॉन टॅन यांनी २००६ च्या आपल्या शब्दहीन पुस्तकात स्थलांतरिताचा गोंधळ वाचकाला असाच अनुभवायला लावला. पण रोमन अक्षरं उलटीपालटी करून ती होत नाही. अर्ध्यांना ती रशियन वाटते आणि ज्यांची ती लिपी आहे त्यांना थट्टा. वीसएक खुणा ठरवा, प्रत्येक खूण जास्तीत जास्त तीन फटकाऱ्यांची, सगळ्यांत एक समान वळण, आणि एक तक्ता समोर ठेवून तीच खूण त्याच अर्थाने पुन्हा पुन्हा वापरा. दुकानावरचा ‘बंद’ तिसऱ्यांदा दिसला की वाचणारं मूल तो ओळखतं आणि मुलीच्या बरोबरीने तिथली भाषा शिकू लागतं.

मजकूर

साडेतीनशे ते पाचशे शब्द, एका जोडपानाला पस्तीसच्या वर नाहीत. चित्रात दिसतं ते लिहू नका. ‘अधिकाऱ्याने कागद परत केला आणि आई खूप दुःखी झाली’ हे वाक्य चित्रावर ओझं आहे. ‘“पुढच्या मंगळवारी या.” हा चौथा मंगळवार होता.’ एवढं पुरतं. ‘नागरिकत्व’ हा शब्द फार तर एकदा, तोही मोठ्या माणसाच्या तोंडी, आणि मुलीला तो नीट ऐकू न आलेला.

मुलीचं नाव हा मोठा ठेवा आहे. प्रत्येक कचेरीत ते वेगळं लिहिलं जातं, एक काना जास्त, एक अक्षर कमी, आणि पुढच्या कचेरीत याच फरकावरून अर्ज अडतो. हे घडवून आणलेलं नाट्य नाही, असं खरोखर होतं. चार कागदांवर चार नावं दाखवा आणि पान ३२ वर तिच्या हाताने लिहिलेलं पाचवं. हातात पासपोर्ट देऊन शेवट करायचा मोह आवरा. खूप जणांना तो मिळत नाही, आणि ज्या मुलाला मिळालेला नाही तेही हे पुस्तक वाचणार आहे.

पुठ्ठ्याच्या आतली अस्तराची पानंही वाया घालवू नका. पुढच्या अस्तरावर घराचा नकाशा जसा होता तसा. मागच्या अस्तरावर तोच नकाशा आठवून काढलेला, एक खोली विसरलेला, विहीर दुप्पट मोठी.

डमी आणि छपाई

साध्या कागदाची, खऱ्या मापाची डमी शिवा आणि अनोळखी मुलांना वाचून दाखवा. वाचताना पान उलटण्याआधी त्यांचे डोळे कुठे जातात ते पाहा. ‘ती परत का जाते?’ असा प्रश्न आला तर पुस्तक बरोबर चाललंय. ‘ती कुठल्या देशाची आहे?’ असा आला तर कपड्यांत, इमारतींत किंवा पाट्यांत कुठेतरी तुम्ही देश सुचवून ठेवलाय. तो शोधून काढा, किंवा ठरवून पूर्ण खरा करा. अर्धवट सुचवलेला देश सगळ्यात वाईट.

छपाईत पेन्सिलीचा करडा चार रंगांच्या मिश्रणातून येऊ देऊ नका. नोंदणी, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर सरकली तरी तो हिरवट किंवा जांभळट होतो. ती पानं ग्रेस्केलमध्ये बदलून फक्त काळ्या शाईत छापायला द्या आणि रंगीत वस्तू वेगळ्या थरात ठेवा. शिक्क्याचा लाल मॅजेंटा शंभर, पिवळा नव्वदच्या आसपास ठेवा. निळा आणि काळा शून्य. बिनचकाकी कागद शाई पितो आणि हा लाल विटकरी होतो, म्हणून पडद्यावर पाहून मंजुरी देऊ नका. ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर काउंटरच्या तीनपैकी एका पानाचा नमुना काढून घ्या आणि शाई पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात बघा.